भिंत आणि मनोरा : तंजावरचे सरफोजीराजे

मराठ्यांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. त्या इतिहासाचा एक प्रवाह दूर दक्षिणेत, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात सुमारे एकशे ऐंशी वर्षे वाहत होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील एखाद्या ओळीपलीकडे आपल्या मनात फारशी रुजलेली नसते. हीरक महोत्सवी वर्षात आपल्या शाळेच्या कलाविभागाने युद्धकाळाच्या इतिहासावर चित्रे व प्रतिकृती करण्याचा उपक्रम आठवी-नववीच्या वर्गांसाठी योजिला. दरवर्षी दिवाळीत अंगणात किल्ला रचणाऱ्या मुलांनी रायगड, प्रतापगड, सिंहगड निवडावेत यात नवल काहीच नव्हते. एका गटाने मात्र तंजावर निवडले. त्या मुलांसाठी जमविलेल्या माहितीतून दुसऱ्या सरफोजीराजांचे हे चरित्र आकाराला आले. माजी विद्यार्थी आणि पालक यांनाही ते वाचावेसे वाटेल, अशी आशा आहे.

तंजावरच्या मराठी राज्याची सुरुवातच एका स्वारीतून झाली. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे विजापूरच्या बाजूने दक्षिणेत गेले आणि १६७५च्या सुमारास त्यांनी तंजावर हस्तगत केले. १६७७मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी दोघा भावांची भेट झाली. ती फारशी सुखाची ठरली नाही. पुढे व्यंकोजीराजांच्या वंशजांनी त्या भूमीत मुळे धरली. दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत अशा चार भाषा नांदू लागल्या. कागदोपत्री मोडी लिपी आणि देवळात तमिळ स्तोत्रे, असा तो संसार होता.

तथापि अठराव्या शतकाचा उत्तरार्ध या राज्याला फार कठीण गेला. १७७३मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले आणि तुळजाजीराजांना कैदेत टाकले. लंडनहून हुकूम आल्यावर १७७६मध्ये त्यांना गादी परत मिळाली खरी. पण ज्यांनी ती काढून घेण्यास हात दिला होता त्यांच्याच हातून ती मिळाली. त्यानंतर पाच वर्षांनी, १७८१मध्ये, हैदरअलीच्या फौजा कावेरीच्या मुलखात शिरल्या. पिके जळाली, पाटबंधारे फुटले, गुरेढोरे गेली, माणसे देशोधडीला लागली. जो प्रांत साऱ्या दक्षिणेचे धान्याचे कोठार म्हणून ओळखला जाई, तेथे लोक अन्नावाचून मेले.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७चा. म्हणजे हैदरची स्वारी आली तेव्हा ते चार वर्षांचे होते. ते भोसले कुळातीलच, पण राजघराण्याच्या एका बाजूच्या शाखेत जन्मले होते. तुळजाजीराजांची स्वतःची मुले हयात राहिली नव्हती. १७८७च्या आरंभी, मृत्यू अगदी समोर दिसत असताना, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. मुलाचा सांभाळ कोणी करावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. त्यांनी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याला बोलावून मुलगा त्याच्या स्वाधीन करण्याची इच्छा सांगितली. श्वार्ट्झने त्या वेळी सुचविले की राज्यकारभार आणि पालकत्व राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे असावे. राजांनी ते मानले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

पुढे काय घडले ते कोणत्याही राजवाड्याच्या इतिहासात सापडावे असेच आहे. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही, असा निर्णय पंडितांकडून मिळविण्यात आला, कंपनी सरकारने तो मान्य केला आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. दत्तकपुत्र आता अडचणीचा झाला. त्याला वाड्यात जवळजवळ कोंडूनच ठेवण्यात आले. उजेड नीट येत नाही अशी खोली, शिकविण्यास कोणी नाही, बाहेर जाण्याची मोकळीक नाही, अशी त्याची स्थिती होती. श्वार्ट्झने मद्रासच्या अधिकाऱ्यांकडे सतत तक्रारी केल्या. अखेर १७९३मध्ये सरफोजींना आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. आज आपल्या शाळेतून दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्या मुलाच्या वयाचे.

मद्रासमध्ये गेरिके या मिशनऱ्याने त्यांचे शिक्षण पुढे नेले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल, निसर्गशास्त्र असे विषय त्यांनी मनापासून अभ्यासले. दोन पाद्र्यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजपुत्राने स्वधर्म सोडला नाही आणि गुरूंविषयीची कृतज्ञताही सोडली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने राहू शकल्या, हे मला त्यांच्या स्वभावाचे सर्वांत मोठे लक्षण वाटते. दरम्यान दत्तकविधानाची फेरतपासणी झाली, काशी आणि अन्य ठिकाणच्या पंडितांची मते मागविण्यात आली आणि पहिला निर्णय फिरविण्यात आला. श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८मध्ये तंजावरातच वारला. त्याच वर्षी २९ जूनला सरफोजी गादीवर बसले. अमरसिंह निवृत्तिवेतन घेऊन तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिले.

राजेपद मिळाले आणि सव्वा वर्षाने राज्य गेले. मे १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला होता. दक्षिणेत कंपनीला अडविणारे कोणी उरले नव्हते. २५ ऑक्टोबर १७९९ला झालेल्या तहाने तंजावर प्रांताचा संपूर्ण कारभार कंपनीने घेतला. राजांकडे तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा प्रदेश राहिला. वर्षाला एक लाख होन आणि वसुलीच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळायचा होता. बावीस वर्षांच्या तरुणाच्या हाती छत्र, चामरे, हत्ती, घोडे होते. सैन्य, न्याय आणि महसूल यांपैकी काहीही नव्हते.

अशा नामधारी राजांची आपल्या देशात त्या शतकात वाण नव्हती. बहुतेकांनी मिळालेला तनखा शिकारी, लग्नसमारंभ आणि कर्ज यांत घालविला. सरफोजींनी पुढील तेहतीस वर्षांत जे केले त्यातील दोन बांधकामांविषयी मला येथे जरा सविस्तर लिहावयाचे आहे, कारण युद्धाच्या इतिहासाला दृश्य रूप देण्याचे काम त्या दोन्हींत झाले आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांनी प्रतिकृतीसाठी नेमकी तीच दोन निवडली होती.

पहिले म्हणजे बृहदीश्वराच्या मंदिरातील भिंत. राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेल्या या प्रचंड शिवालयाच्या भिंती मुळातच चोळांच्या तमिळ शिलालेखांनी भरलेल्या आहेत. विजय, दाने, दिवे, नर्तकी, पुजारी अशा साऱ्या नोंदी चोळांनी दगडात कोरून ठेवल्या. आठशे वर्षांनी त्याच देवळाच्या आवारात सरफोजींनी आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. त्यांचे चिटणीस बाबूराय यांनी तो रचला आणि १८०३च्या डिसेंबरात तो पूर्ण झाला. भोसले वंशचरित्र या नावाने तो ओळखला जातो आणि मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याची ख्याती आहे. भोसल्यांच्या मूळ पुरुषांपासून मालोजी, शहाजी, शिवछत्रपती, त्यांच्यानंतरचा संघर्ष आणि मग तंजावरची शाखा असा तो पट आहे. लढाया, वेढे, तह आणि भाऊबंदकी, सगळे त्यात येते. आधुनिक इतिहासकार त्यातील प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दरबारी बखरीला जे गुणदोष असतात ते याही लेखाला आहेत.

पण ही बखर केव्हा कोरली गेली ते पाहावे. राज्य जाऊन चार वर्षे झाली होती. पुण्याची पेशवाई १८०२च्या अखेरीस वसईच्या तहाने कंपनीच्या आश्रयाला गेली होती. १८०३च्या सप्टेंबरात असईला आणि नोव्हेंबरात अडगावला मराठी फौजांचा पराभव झाला. त्याच वर्षाच्या शेवटी, हजार-बाराशे किलोमीटर दक्षिणेला, पाथरवटांची छिन्नी मराठ्यांच्या पराक्रमाची अक्षरे चोळांच्या देवळात कोरण्याचे काम संपवीत होती. सरफोजींना त्या लढायांच्या बातम्या कशा व केव्हा कळल्या असतील, याचा विचार मुलांनी वर्गात बराच वेळ केला. कागदावरची बखर जळते, वाळवी खाते, कोणी तरी उचलून नेते. देवळाची भिंत कोणी उचलून नेत नाही आणि कोणतेही सरकार ती जप्त करून मद्रासला पाठवू शकत नाही. राजांच्या मनात हेच होते असे मी म्हणणार नाही. निवड मात्र बोलकी आहे.

दुसरे बांधकाम समुद्रकाठी आहे. तंजावरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, पट्टुकोट्टईच्या पुढे, मल्लिपट्टणम गावाजवळ सहा बाजूंचा, आठ मजल्यांचा एक मनोरा उभा आहे. उंची सुमारे २३ मीटर, भोवती तटबंदी आणि खंदक. लोक त्याला मनोरा याच नावाने ओळखतात. तमिळ माणसाच्या तोंडी हा शब्द ऐकताना आपल्याला घरी आल्यासारखे वाटते. हा मनोरा सरफोजींनी १८१४-१५मध्ये बांधविला तो नेपोलियनच्या पाडावाची आणि इंग्रजांच्या विजयाची स्मृती म्हणून. त्यावरील लेख अनेक भाषांत असून त्यात मराठीही आहे. हा मनोरा वॉटर्लूच्या लढाईचे स्मारक आहे असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. वॉटर्लू जून १८१५मध्ये झाली. लेखावरील साल १८१४ आहे, म्हणजे नेपोलियनने पहिल्यांदा सिंहासन सोडले त्या वर्षीचे. इतिहासाच्या तासाला सनावळ्यांचा कंटाळा करणाऱ्या मुलांना हा एका वर्षाचा फरक शोधण्यात मोठी मौज वाटली.

या मनोऱ्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती प्रदर्शनात मांडली तेव्हा एका पालकांनी मला थांबवून विचारले की ज्यांनी आपली राज्ये गिळली त्यांच्या विजयाचे स्मारक मराठी शाळेच्या महोत्सवात कशासाठी. प्रश्न रास्त होता आणि त्यात राग असला तरी तो मनापासून विचारलेला होता. सरफोजींनी असे का केले असावे, याची उत्तरे अनेक असू शकतात. राजांचा तनखा कंपनीच्या हाती होता. तंजावरात ब्रिटिश रेसिडेंट बसत असे आणि राजांच्या प्रत्येक हालचालीचा अहवाल मद्रासला जात असे. निष्ठेचे असे ठळक प्रदर्शन करणे शहाणपणाचे होते. दुसरीकडे, ज्यांनी अंधाऱ्या खोलीतून त्यांना बाहेर काढले, शिकविले आणि गादीवर बसविले ते इंग्रजांच्याच बाजूचे लोक होते. त्यामुळे ही मैत्री निव्वळ देखावा होती असे म्हणणेही अन्यायाचे होईल. मला स्वतःला वाटते की दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि मनोऱ्याला त्यांतून सोडविणे शक्य नाही. त्या पालकांना मी एवढेच सुचविले की मनोऱ्याशेजारी मांडलेली भिंतही त्यांनी पाहावी. एकाच राजाने बारा वर्षांच्या आत दोन्ही उभारली. एकीवर आपल्या पूर्वजांच्या लढाया आहेत, दुसऱ्यावर आपल्या धन्यांच्या. मुलांनी दोन्ही प्रतिकृती एकाच मापाने केल्या होत्या आणि त्यातील एकही काढून टाकावी असे मला वाटले नाही. पालकांचे पूर्ण समाधान झाले नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

दगडाच्या या दोन कामांपेक्षा राजांचा अधिक वेळ गेला तो कागद, शाई आणि शाळा यांत. १८०५मध्ये त्यांनी तंजावरात देवनागरी टाईपाचा छापखाना काढला आणि त्याला नवविद्याकलानिधी असे नाव दिले. १८०६मध्ये तेथून बालबोध मुक्तावली हे पुस्तक निघाले. इसापच्या गोष्टींचा तो मराठी अनुवाद, सख्खण पंडितांनी केलेला. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते आणि ते मुलांसाठी आहे, याचा आम्हा शिक्षकांना विशेष अभिमान वाटावा. पुण्यात तेव्हा पेशव्यांचा दरबार चालू होता आणि पोरे धूळपाटीवर अक्षरे गिरवीत होती.

प्रवाशांना अन्न व निवारा देणारी छत्रे ही तंजावरच्या राजघराण्याची जुनी परंपरा. सरफोजींनी आपल्या प्रिय सहचरी मुक्तांबा यांच्या नावाने ओरत्तनाडु येथे एक मोठे छत्र बांधले आणि त्याला शाळा जोडली. तेथे निरनिराळ्या भाषा शिकविल्या जात आणि मुलांच्या जेवणाखाण्याची सोय होई. राज्य गेले तरी छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी, म्हणून राजांनी कंपनीशी चिकाटीने पत्रव्यवहार केला. तोफखान्यासाठी भांडता येत नव्हते. अन्नछत्र आणि शाळा यांसाठी ते भांडले.

शिकविण्याच्या त्यांच्या पद्धतीविषयी एक गोष्ट कलाशिक्षकांनी तरी लक्षात घेण्यासारखी आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरात राहणारी भविष्य सांगणारी कुरव स्त्री येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते आणि विरहिणी नायिकेला शकुन सांगते. सरफोजींनी देवेंद्र कुरवंजी नावाचे नाटक मराठीत रचले आणि कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल वदविला. खंड, देश, पर्वत, नद्या हे सारे गाण्यातून आणि नाचातून प्रेक्षकांपुढे येते. प्रकल्प पद्धती हा शब्द आपल्या बी.एड.च्या पुस्तकांत येण्यापूर्वी शंभर वर्षे हे तंजावरात घडत होते. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलु हे चौघे बंधू नृत्याची ती बांधणी घडवीत होते, जी पुढे भरतनाट्यमच्या मार्गम् म्हणून सर्वत्र पोचली. पाश्चात्त्य वाद्येही तेथे वाजत.

वैद्यकाकडेही राजांचा ओढा होता. धन्वंतरी महालात देशी औषधांचे प्रयोग चालत. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी राहिल्या आहेत आणि त्यांसोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. चित्रकार युद्ध आणि देवादिक यांच्याबरोबर एका सामान्य माणसाचा सुजलेला डोळाही तितक्याच काळजीने रंगवितो, हे पाहून आमच्या मुली काही वेळ गप्प झाल्या. हत्ती, घोडे, पक्षी, वनस्पती यांचीही चित्रे राजांनी करवून घेतली.

१८२०मध्ये ते काशीयात्रेला निघाले. सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा बरोबर होता आणि प्रवास दोन वर्षांच्या आसपास चालला. या यात्रेवर मराठीत त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या रचल्या गेल्या आणि काशीच्या घाटांची चित्रेही काढली गेली. परत येताना हस्तलिखिते आली. नायक राजांच्या काळापासून चालत आलेले सरस्वती भांडार त्यांनी अतोनात वाढविले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतील साडेचार हजारांवर ग्रंथ त्यांनी जमविले. त्यांतील कित्येकांवर त्यांची स्वाक्षरी आहे. १८२६मध्ये बिशप हेबर तंजावरला आला. लिनिअस आणि लाव्हाझिए यांच्याविषयी सहजपणे बोलणारा आणि शेक्सपिअरची पारख असणारा हिंदी राजा पाहून तो चकित झाला. दोन वर्षांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले.

श्वार्ट्झचे स्मारकही राजांनीच करविले. लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराने घडविलेला तो संगमरवरी शिल्पपट तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील वृद्ध गुरू आणि शेजारी उभा असलेला तरुण राजा, असा तो प्रसंग. पलंगाजवळ शाळेतील तीन मुलेही कोरलेली आहेत. त्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५मध्ये मुलगा मागे न ठेवता वारले आणि कंपनीने तंजावरचे राज्य संपल्याचे जाहीर केले. गादी गेली, ग्रंथालय राहिले. १९१८मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि सरस्वती महाल या नावाने आज जगभरचे अभ्यासक तेथे येतात. मोडी कागदांची तेथील गाठोडी अजूनही वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी मोडीचा अभ्यास केला आहे त्यांनी हे मनावर घ्यावे.

दक्षिणेच्या सहलीत तंजावरला बहुधा दोन-तीन तासच दिले जातात. मोठा नंदी आणि विमान पाहून मंडळी पुढे निघतात. सवड काढून मंदिराच्या आवारातील नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीपर्यंत जावे. समुद्रकाठचा मनोरा पाहावयाचा तर पट्टुकोट्टईची वाट धरावी लागते. २००४च्या त्सुनामीत त्याची हानी झाली होती. नंतर दुरुस्ती करण्यात आली. त्यासाठी एक दिवस जादा ठेवावा.